सभा अनेक, नावे तीच

१/८
१८८२ ते १९२७ या काळातील पुण्या-मुंबईच्या स्त्रीसंस्थांचा इतिहास वाचताना एक गोष्ट जाणवते. संस्था बदलतात, नावे मात्र फारशी बदलत नाहीत. असे का झाले आणि त्याने काय साधले?

२/८
१८८२ मध्ये पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला. न्या. रानडे यांच्या पत्नी रमाबाई त्यात सहभागी झाल्या. १८८४ मध्ये सुरू झालेल्या हुजूरपागा शाळेमागे उभी राहिलेली मंडळीही याच सुधारक वर्तुळातील होती.

३/८
पुढे रमाबाई रानडे यांच्याकडे एकामागून एक जबाबदाऱ्या आल्या.
१९०४: मुंबईच्या भारत महिला परिषदेचे अध्यक्षपद.
१९०८: मुंबई सेवासदनाचे अध्यक्षपद.
१९०९: गो. कृ. देवधरांच्या सहकार्याने पुणे सेवासदन.

४/८
कारण उघड आहे. लिहिता-वाचता येणाऱ्या, सभेत बोलू शकणाऱ्या आणि घरचा पाठिंबा असलेल्या स्त्रिया त्या काळी मोजक्याच होत्या.

५/८
याचा लाभही झाला. एका संस्थेतील अनुभव व ओळखी दुसऱ्या कार्यात उपयोगी पडत. मुलींच्या सक्तीच्या शिक्षणाची मागणी असो वा मताधिकाराची, रमाबाई दोन्हींत अग्रभागी होत्या. १९२१ मध्ये मुंबई कायदेमंडळाने स्त्रियांच्या मताधिकाराचा ठराव संमत केला.

६/८
मात्र वर्तुळ लहान असले की एका वादाची झळ दूरवर पोहोचते. १८९३ मध्ये पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनावर धर्मांतराचा आरोप झाला. रानडे, भांडारकर यांनी सल्लागारपद सोडले आणि अनेक पालकांनी मुलींना परत नेले.

७/८
त्याहून मोठा प्रश्न वर्तुळाबाहेरच्या स्त्रियांचा होता. अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन १९२७ मध्ये पुण्यात भरले. १९३७ च्या नागपूर अधिवेशनात जाईबाई चौधरी यांना भोजनाच्या वेळी वेगळे बसवण्यात आले. एके काळी हमाली करून पोट भरणाऱ्या जाईबाईंनी नागपुरात मुलींसाठी चोखामेळा शाळा उभी केली होती.

८/८
दलित स्त्रियांनी सभा घेऊन या अपमानाचा निषेध केला. जुलै १९४२ मध्ये नागपुरातच सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद भरली. डॉ. आंबेडकरांनी तेथे भाषण केले. म्हणून एखाद्या संस्थेचा इतिहास वाचताना तिच्या स्थापनेच्या वर्षाबरोबर सभासदांची यादीही पाहावी. त्या यादीत कोण नाही, हेही शोधावे.