शाळेला कुलूप, वसतिगृहाचं काय?

जालना जिल्ह्यातल्या तीर्थपुरीला ऊसतोडीच्या दोन्ही बाजू दिसतात. समर्थ सहकारी साखर कारखान्याचं ‘सागर’ हे दुसरं युनिट इथलंच. मोळी पडली, म्हणजे गाळप सुरू झालं, की बाहेरच्या टोळ्या येतात, शिवारात कोप्या उभ्या राहतात. त्याच सुमाराला घनसावंगी तालुक्यातली कितीतरी जोडपी मुकादमाची उचल घेऊन परमुलखात ऊस तोडायला निघालेली असतात. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी पोचलं तिथे ऊस आला. नाही पोचलं तिथे हाती कोयता आला.

नवरा-बायको मिळून एक कोयता. मग पोरांचं काय? बरीच वर्षं याला एकच उत्तर होतं: बरोबर न्यायची. आईबाप पहाटे फडात गेले की थोरली पोर कोपीवर धाकट्याला सांभाळायची, पाणी भरायची, बैलांपुढे वाढे टाकायची. गावच्या शाळेत पटावर तिचं नाव असायचं. ती स्वतः पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, दिसायची नाही. २००१ च्या सुमारास औरंगाबादच्या ‘जनार्थ’ संस्थेने कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा काढल्या, म्हणजे शाळाच पोरांच्या मागे गेली. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि भर उलटा झाला. आईबाप जाऊ देत, मूल गावातच राहिलं पाहिजे. त्यासाठी सर्व शिक्षा अभियानातून हंगामी वसतिगृहं आली.

वसतिगृह म्हटल्यावर खाटांची रांग डोळ्यांपुढे येते. इथे बहुतेक ठिकाणी तसं काही नसतं. दिवाळीच्या आगेमागे गुरुजी घरोघर फिरून कोण निघालंय याची यादी करतात. शाळा व्यवस्थापन समिती स्वयंपाकाला बाई नेमते. पोरं शाळेत दोन वेळा जेवतात आणि निजायला आजीकडे, नाहीतर चुलत्याकडे जातात. साधीच सोय, पण ती नसेल तर म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर पोर मागे ठेवायला आई धजत नाही. या योजनेतलं सगळ्यात भक्कम खातं म्हणजे आजी, आणि तिच्या नावावर तरतूद काहीच नाही!

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, २५ तारखेपासून देश बंद झाला. कारखान्यांची धुराडी मात्र चालू होती. तोडकरी जिथे होते तिथेच अडकले, आणि गावाकडे पोरं आजीपाशी. १७ एप्रिलला राज्य सरकारने तपासणी करून मजुरांना घरी सोडायला परवानगी दिली, तेव्हा ३८ कारखान्यांच्या परिसरात सुमारे १ लाख ३१ हजार मजूर असल्याचा सरकारी आकडा पुढे आला.

बालगृहांची दखल मात्र वेळेवर घेतली गेली. ३ एप्रिललाच सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून प्रकरण हाती घेऊन बालगृहं, निरीक्षणगृहं आणि बालकल्याण समित्यांना सविस्तर निर्देश दिले. हंगामी वसतिगृहातलं पोर या चौकटीत बसत नव्हतं. कायद्याच्या भाषेत ते निराधार नव्हतं आणि त्याचं वसतिगृहही बालगृह नव्हतं. तो शाळेचाच एक उपक्रम. त्यामुळे शाळेला कुलूप लागलं की सांभाळालाही लागणार, हे आधीपासून ठरलेलंच होतं.

साथ आली म्हणजे मुलांचं घर बंदच पडतं असं नाही. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. मध्य प्रांतातल्या दुष्काळातून आणलेल्या मुलींना शहरात ठेवणं पंडिता रमाबाईंना अशक्य झालं. त्यांनी मुलींना केडगावच्या आपल्या शेतजमिनीवर नेलं, आणि पुढे मुक्ती सदन वाढलं ते तिथेच. सांभाळ हेच मूळ काम असलं, की जागा बदलूनही ते चालू राहतं.

२०२० च्या दिवाळीत टोळ्या पुन्हा निघाल्या, तेव्हा पहिली ते चौथीचे वर्ग बंदच होते. ग्रामीण भागात ते उघडले थेट १ डिसेंबर २०२१ ला. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ ही सरकारी घोषणा चांगली होती. पाचटाच्या कोपीत वीज आणि रेंज असती तर अधिक चांगली ठरली असती. शाळाच नाही म्हटल्यावर पोराला मागे ठेवायचं कारणही उरलं नव्हतं.

जून २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर केली: ४१ तालुके, ८२ वसतिगृहं, प्रत्येक तालुक्यात एक मुलांचं आणि एक मुलींचं, प्रत्येकी शंभर जागा. पहिल्या टप्प्यातल्या दहा तालुक्यांत जालना जिल्ह्यातले अंबड आणि घनसावंगी होते. योजना सामाजिक न्याय विभागाची. ऊसतोड्याच्या पोराचं राहणं-जेवणं शाळेच्या खात्यातून निघून स्वतंत्र झालं, हा मोठाच बदल. तरी तालुक्याला दोनशे जागा म्हणजे आजीची गरज संपलेली नाही. आणि शाळेत नावच न घातलेलं तान्हं पोर तर आजही आईबरोबर फडावरच जातं.