पोलराइज्ड गॉगल घेताय? आधी ‘यूव्ही४००’ बघा

सांगलीत आयर्विन पुलावरून भर दुपारी कृष्णेकडे पाहिलं, तर पाण्यापेक्षा चमकच जास्त दिसते. साताऱ्याहून यवतेश्वर घाट चढताना ओल्या डांबरावर ऊन पडलं की तोच झगझगाट. पाणी, रस्ता अशा आडव्या पृष्ठभागावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाच्या लहरी बहुतांशी आडव्या कंप पावतात. पोलराइज्ड काचेतला फिल्टर नेमक्या त्याच अडवतो. असा पातळ फिल्टर बनवणाऱ्या एडविन लँड यांनी १९२९ मध्ये अमेरिकेत पेटंटसाठी अर्ज केला होता.

पण चमक अडवणं वेगळं आणि अतिनील किरण अडवणं वेगळं. त्यासाठी ‘यूव्ही४००’ हवं, म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडतात. हे संरक्षण नसलेली गडद काच तर जास्त धोक्याची: अंधारामुळे डोळ्याची बाहुली रुंदावते आणि जास्त अतिनील किरण आत जातात.

गॉगल खरंच पोलराइज्ड आहे का? लॅपटॉपच्या एलसीडी स्क्रीनसमोर धरून हळूहळू फिरवा. एका कोनात स्क्रीन काळी पडली, तर आहे. यूव्ही मात्र यातून कळत नाही. ते चष्म्याच्या दुकानात मीटरवर तपासून घ्यावं. आणि हा गॉगल घातल्यावर बाइकचा डिजिटल मीटर काळपट दिसला, तर मीटर बिघडलेला नसतो.