सीनेचा पूर आणि आपली कोरडी आठवण

सोलापूरचा इतिहास आपण कायम दुष्काळाच्या भाषेत सांगतो. दामाजीपंतांनी मंगळवेढ्यात उघडलेली धान्याची कोठारं, १८७६-७८ चा दुष्काळ, १९७२ मधली खडी फोडायची कामं. १८७१ ला पूर्ण झालेला हिप्परग्याचा तलावसुद्धा पाणी साठवण्यासाठीच. पूर म्हटलं की आपण कोल्हापूर-सांगलीकडे बघायचो.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेनं हा समज मोडला. करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूर, सगळीकडे काठची गावं पाण्यात गेली. लांबोटीला पुणे महामार्ग बंद पडला.

"उजनीचं पाणी सोडलं म्हणून झालं" असं अजूनही ऐकतो. पण उजनी भीमेवर आहे. सीना येते अहिल्यानगरकडून, बीड-धाराशिवकडचं पाणी पोटात घेऊन, आणि थेट कुडलला भीमेला मिळते. म्हणजे पाऊस तिकडे पडतो आणि पूर इथं येतो, कधी कधी डोक्यावर ऊन असताना. आपला मुलूख सपाट, उतार कमी. पाणी डोंगरातल्यासारखं धावत येत नाही. ओढ्यांतून उलटं चढतं, शिवारात पसरतं आणि मग हलत नाही. काळ्या रानात ते मुरायलाही वेळ लागतो. ऊस, सोयाबीन उभ्या जागी कुजतं. काठाची माती वाहून गेली तर ते नुकसान एका हंगामाचं राहत नाही.

मला वाटतं, जुन्या लोकांना हे ठाऊक होतं. गावाची वस्ती उंचावरच्या पांढरीत आणि शेती खाली काळीत, ही विभागणी उगाच नव्हती. सीना-भीमेच्या संगमावर, कुडलच्या देवळात शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे. हजार वर्षं माणूस या नद्यांच्या काठी नांदतोय. पांढरी सोडून नदीकडे सरकलो ते आपण, अलीकडे. घरं, गोठे, मोटारी, डीपी, सगळं खाली.

पंचनामे, अनुदान हवंच, त्यावर भांडूच. पण सोबत एक काम गावानंच करावं. पाणी कुठवर आलं होतं ते शाळेच्या, देवळाच्या भिंतीवर तारखेसह रंगवा. ग्रामसभेत ठराव घ्या: त्या रेषेखाली नवीन घरकुल नको. दहा कोरडी वर्षं गेली की आपण विसरणार, आणि तेव्हा ती रेषाच आपल्या पोरांच्या कामी येईल.