क्रेडिट कार्डचं बिल थकलंय, रिकव्हरी एजंट घरी आलाय? फोन बंद करू नका, आधी हे वाचा



एरवी मी इथं ॲप, परमिशन, बॅकअप अशा विषयांवर लिहितो. आज विषय उधारीचा आहे आणि उधारी माझी स्वतःचीच होती.

मार्च २०२४ मधली गोष्ट. मी पुण्यात होतो. नोव्हेंबरमध्ये प्रोजेक्ट बंद पडून नोकरी गेली होती आणि घरभाडं, किराणा, मेस सगळं क्रेडिट कार्डवर चाललं होतं. दोन महिने कसंबसं मिनिमम ड्यू भरलं, नंतर तेही जमेना. फोन यायला लागले. मी आधी ते सायलेंटवर टाकले, मग नंबर ब्लॉक करत सुटलो. सॉफ्टवेअर इंजिनियर असूनही यापलीकडे काही सुचलं नाही, हे कबूल करतो.

मग एक दिवस बाबांचा फोन आला. "अरे, दोन पोरं आलेत दारात. तुझ्या नावाचं विचारू लागलेत. तू फरार हायेस म्हणू लागलेत."

आमचं घर जालन्यात, मस्तगडला. जालन्याबाहेरच्यांसाठी सांगतो, मस्तगड म्हणजे शहरातली जुनी गढी, १७२५ मध्ये काबिल खानाने बांधलेली. आजूबाजूला दाट वस्ती आहे. एका दारात दोन अनोळखी माणसं मोठ्यानं बोलली की चार घरांना ऐकू जातं. त्या दिवशीही गेलं. आई दोन दिवस शेजारच्या काकूंकडे गेली नाही.

मी पुण्यात, मग हे जालन्यात कसे पोहोचले?

मला वाटलं डेटा लीक झाला असणार. तसं काही नव्हतं. कार्ड घेताना केवायसीसाठी आधार दिलं होतं आणि आधारवर पत्ता मस्तगडचा. शिवाय फॉर्ममध्ये 'रेफरन्स' म्हणून बाबांचा नंबर मीच लिहिला होता. सिबिलसारख्या संस्थांच्या रिपोर्टमध्ये, आपण आजवर बँकांना आणि कर्ज कंपन्यांना दिलेले पत्ते आणि फोन नंबर यादीनं साठत जातात. गावाकडचा पत्ता आणि शहरातली नोकरी असं ज्यांचं आहे, त्यांच्या बाबतीत वसुलीची पहिली थाप आईवडिलांच्या दारावर पडते ती यामुळे.

रेफरन्स म्हणजे जामीनदार नव्हे, हे पक्कं लक्षात ठेवा. बाबांनी कुठंही जामीन म्हणून सही केली नसेल, तर माझ्या कार्डाचा एक रुपयाही त्यांच्याकडून मागता येत नाही.

रक्कम एवढी फुगते कशी?

'मिनिमम अमाउंट ड्यू' या शब्दानं माझ्यासारख्या कित्येकांना फसवलंय. ढोबळ हिशेब बघा. थकबाकी ६०,००० रुपये, व्याज महिन्याला ३.५ टक्के. म्हणजे व्याज २,१०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ३७८. झाले २,४७८. मिनिमम ड्यू ५ टक्के धरलं तर तुम्ही भरले ३,०००. म्हणजे मूळ रकमेतून कमी झाले फक्त ५२२ रुपये. वर मागची थकबाकी असेल तर नव्या खरेदीला ती ४५-५० दिवसांची बिनव्याजी मुदत मिळत नाही. आज घेतलेल्या दुधाच्या पिशवीवरही आजपासूनच व्याज.

"एवढं व्याज बेकायदेशीर नाही का?" असं मलाही वाटायचं. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांच्या वरचं व्याज अनुचित ठरवलं होतं. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. म्हणजे 'व्याज जास्त आहे म्हणून भरणार नाही' या मुद्द्यावर आता फारसं हाती लागत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या कार्ड नियमांतल्या दोन गोष्टी मात्र स्टेटमेंट उघडून तपासा. ड्यू डेटनंतर तीन दिवसांपर्यंत लेट फी लावता येत नाही आणि लेट फी उरलेल्या रकमेवरच लागते, संपूर्ण बिलावर नाही. तसंच न भरलेल्या लेट फी आणि इतर शुल्कांवर पुन्हा व्याज चढवता येत नाही.

एजंट काय करू शकतो, काय नाही

पैसे मागणं हा बँकेचा हक्क आहे, त्यात वाद नाही. पण १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने वसुलीची हद्द स्पष्ट सांगितली. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन नाही. धमकी, शिवीगाळ, सारखे फोन करणं, चारचौघांत अपमान, घरच्यांना किंवा मित्रांना त्रास, मोबाइलवर किंवा सोशल मीडियावर घाणेरडे मेसेज, खोटी माहिती देऊन घाबरवणं, हे सगळं बंद. आणि एजन्सी बाहेरची असली तरी जबाबदारी बँकेचीच. "तो आमचा माणूस नाही" हे उत्तर चालत नाही. त्याच्याही आधी, २००७ मध्ये, आयसीआयसीआय बँक विरुद्ध प्रकाश कौर या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वसुलीसाठी गुंड वापरण्यावर बँकांना खडसावलं होतं.

घरी येणाऱ्या एजंटकडे ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र हवं. त्याचं डीआरए प्रशिक्षण झालेलं असायला हवं. ही परीक्षा इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स घेते. मी बाबांना एकच वाक्य शिकवलं, "बँकेचं पत्र दाखवा, मी फोटो काढतो." दुसऱ्या वेळी ती पोरं आली, पत्र नव्हतं, आणि दोन मिनिटांत गेली.

"पोलीस घेऊन येतो" ही धमकी सगळ्यांनाच मिळते. पैसे नाहीत म्हणून कार्डाचं बिल थकणं हा दिवाणी विषय आहे, गुन्हा नाही. एजंट घरातला टीव्ही, गाडी उचलू शकत नाही. पण एक अपवाद आहे आणि तो यूट्यूबवाले सांगत नाहीत. तुम्ही चेक दिला असेल किंवा ऑटो-डेबिटचा मॅंडेट दिला असेल आणि तो पैशाअभावी बाउन्स झाला, तर चेकसाठी कलम १३८ आणि इलेक्ट्रॉनिक मॅंडेटसाठी २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचं कलम २५ लागू होऊ शकतं. एजंटच्या दबावाखाली पुढच्या तारखेचे चेक देऊन मोकळं होऊ नका.

आता फोनचं काम

माझी सगळ्यात मोठी चूक नंबर ब्लॉक करण्याची. त्यामुळे धमक्यांचा पुरावा माझ्याकडे उरला नाही आणि बँकेचे खरे मेसेजही गेले. मग मी पद्धत बदलली.

बऱ्याच अँड्रॉइड फोनच्या डायलरमध्ये कॉल रेकॉर्डिंग असतं. २०२२ पासून गूगलने बाहेरच्या रेकॉर्डिंग ॲपचा रस्ता बंद केलाय, त्यामुळे प्ले स्टोअरवर शोधत बसू नका, फोनचं स्वतःचंच वापरा. आयफोनवर आयओएस १८.१ पासून ही सोय आली. दोन्हीकडे 'कॉल रेकॉर्ड होत आहे' अशी सूचना समोरच्याला ऐकू जाऊ शकते. जाऊ द्या. माझ्या अनुभवात ती ऐकली की समोरचा 'तू' वरून 'सर' वर यायचा.

व्हॉट्सॲपवर आलेला मेसेज लगेच स्क्रीनशॉट करा, कारण ही मंडळी नंतर 'डिलीट फॉर एव्हरीवन' करतात. स्क्रीनशॉटमध्ये नंबर, तारीख, वेळ दिसली पाहिजे. नंबर सेव्ह केलेला असेल तर फक्त नाव दिसतं, म्हणून सेव्ह करू नका. नंतर चॅट एक्स्पोर्ट करून ईमेलवर पाठवून ठेवा. मी गूगल शीटमध्ये चार रकाने केले: तारीख, वेळ, नंबर, काय म्हणाला. तीन आठवड्यांत ४१ ओळी झाल्या, त्यातल्या ९ संध्याकाळी सातनंतरच्या. तक्रारीत हाच कागद कामाला आला.

आणि फोनवर मोघम "बघतो, करतो" म्हणू नका. माझं एकच उत्तर ठरलेलं होतं: "थकबाकी मान्य आहे. पुढचं बोलणं ईमेलवर करा."

बँकेला ईमेल

मी तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिलं. पत्ता बँकेच्या वेबसाइटवर असतो. गूगलवर 'कस्टमर केअर नंबर' शोधून मिळालेल्या नंबरवर कधीही जाऊ नका, तिथं भामटे बसलेले असतात. ईमेल छोटा होता: नोकरी गेली आहे, भरायची तयारी आहे, थकबाकी हप्त्यांत बदलून द्या, आणि सोबत एजंटच्या वागणुकीची शीट.

त्याच आठवड्यात एजंट म्हणाला, "४५ हजार आज टाका, विषय संपवतो," आणि एक क्यूआर कोड पाठवला. थकबाकी ७१ हजार होती. खरं सांगतो, मोह झाला. मित्राकडून उसने घ्यायची तयारीही झाली होती. पण बँकेला ईमेल करून विचारलं तर अशी कुठलीही ऑफर नव्हती! पैसे भरायचे ते कार्डाच्या अधिकृत ॲपमधून किंवा बँकेने सांगितलेल्या खात्यातच. एजंटच्या यूपीआयवर नाही. आणि सेटलमेंटचं पत्र बँकेकडून लेखी आल्याशिवाय अजिबात नाही.

सेटलमेंट खरी असली तरी तिची किंमत आहे. बँकेने काही रक्कम सोडली की रिपोर्टमध्ये 'क्लोज्ड' ऐवजी 'सेटल्ड' अशी नोंद होते आणि ती अनेक वर्षं राहते. पुढं घरासाठी कर्ज मागायला गेलात की पहिला प्रश्न त्याचा येतो. घरात आजारपण आहे, उत्पन्नच नाही, तर सेटलमेंट घ्या, त्यात लाज नाही. पण सहा महिन्यांत पगार सुरू होण्यासारखा असेल तर मी हप्तेच सुचवेन. मला एप्रिलमध्ये नोकरी लागली आणि बँकेने १८ हप्ते करून दिले, महिन्याला साधारण साडेचार हजार.

आणखी एक, हे मला उशिरा कळलं. पगाराचं खातं आणि कार्ड एकाच बँकेचं असेल, तर करारानुसार बँक खात्यातली रक्कम थकबाकीपोटी अडवू शकते. करार वाचा.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. सीएमएस पोर्टलवर तक्रार फुकट होते, वकील लागत नाही, चौकशीसाठी १४४४८ हा नंबर आहे. मला तिथवर जावं लागलं नाही. एकोणिसाव्या दिवशी बँकेचं उत्तर आलं, एजन्सी बदलली आणि घरी येणं थांबलं. बाबांची माफी मात्र कुणी मागितली नाही.

लोन ॲपचं प्रकरण वेगळं

कार्डाचं बिल भरायला झटपट लोन ॲप घेणं हा आगीतून फुफाट्यात जाण्याचा प्रकार. मे २०२२ मध्ये मुंबईतल्या मालाडच्या एका ३८ वर्षांच्या माणसाने आत्महत्या केली. लोन ॲपवाल्यांनी त्याचे बनावट अश्लील फोटो त्याच्या ओळखीच्यांना पाठवले होते. त्यानंतर नियम कडक झाले. कर्ज देणाऱ्या ॲपला आता तुमची संपर्क यादी, कॉल लॉग, गॅलरी मागता येत नाही. मागत असेल तर तिथंच थांबा. रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर जुलै २०२५ पासून बँका आणि एनबीएफसींच्या कर्ज ॲपची यादी आहे, ती बघा. ॲप काढून टाकलं म्हणजे आधी गेलेली संपर्क यादी परत येत नाही, त्यामुळे असं काही झालं तर आधी स्वतः ओळखीच्यांना एक मेसेज टाका आणि मग १९३० वर किंवा राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार करा. डोक्यात टोकाचे विचार येत असतील तर टेली मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो. कर्ज नंतर बघू, आधी तो फोन.

नोटीस आली तर

व्हॉट्सॲपवर अशोकस्तंभ छापलेल्या 'अटक वॉरंट'च्या पीडीएफ फिरतात. त्या खोट्या. पण लोकअदालतीची, लवादाची किंवा न्यायालयाची खरी नोटीस आली तर दुर्लक्ष करू नका. लोकअदालतीत तडजोड तुमच्या संमतीनेच होते, कोर्ट फी नसते, आणि बऱ्याचदा बँक तिथं व्याज कमी करायला तयार होते. प्रत्येक जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, जालन्यातही आहे. हेल्पलाइन १५१००.

माझा शेवटचा हप्ता ऑक्टोबर २०२५ मध्ये गेला. नो ड्यूज पत्र मागून घेतलं, कारण आपोआप येईल याची वाट बघण्यात अर्थ नाही. मग क्रेडिट रिपोर्ट काढला. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क, चारही संस्था वर्षातून एकदा तो फुकट देतात. खातं 'क्लोज्ड' दिसलं. बाबांचा नंबर मात्र अजून माझ्या नावाखाली होता. दुरुस्तीची तक्रार टाकली आहे. ३० दिवसांत ती निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. बाबा म्हणाले, मिळाली तर ती त्यांची.