नांवाचें अभयारण्य

आळंदीहून विश्रांतवाडीवरून येरवड्याकडे येणारा रस्ता वारकऱ्यांच्या नित्य परिचयाचा आहे. येरवड्याच्या अंगास, मुळामुठेच्या डाव्या तीरावर, थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांच्या नांवानें ओळखलें जाणारें एक पक्षी अभयारण्य आहे. शेकाट्या, बगळे, हळदीकुंकू बदकें आणि हिवाळी पाहुणे धोबी हे येथील उथळ पाण्यांत व चिखलांत चरतांना दिसतात.

या नदीकांठास इतिहासहि मोठा आहे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीची लढाई झाली. १३ तारखेस जनरल स्मिथ येरवड्यास येऊन पोंचला. त्याच्या फौजेनें येथील उतारानें नदी ओलांडली आणि १७ तारखेस पुणें इंग्रजांच्या हातीं गेलें. पुढें १८५० च्या सुमारास सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीच्या साहाय्यानें नदीस बंधारा पडला, व १८६९ सालीं त्याच्याजवळ फिट्झजेराल्ड पूल उभा राहिला. हीं दोन्हीं कामें आजहि पाहावयास मिळतात.

जेथें मनुष्याचा हात इतका लागला, तेथें अभयारण्य कसलें, असें कोणी विचारील. त्यांस आम्ही नाशिक जिल्ह्यांतील नांदूर मध्यमेश्वर दाखवूं. गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ बंधारा झाला, गाळ सांचला, आणि त्या गाळावरच पक्ष्यांचें नगर वसलें. १९८६ सालीं तें अभयारण्य ठरलें. २०१९ सालीं महाराष्ट्रांतील पहिलें रामसर स्थळ म्हणून जगन्मान्य झालें.

येरवड्याची गोष्ट मात्र निराळी. येथें ‘अभयारण्य’ हा शब्द लोकांनीं प्रेमानें लाविला. १९७२ च्या वन्यजीव कायद्याची मोहोर त्यावर उमटलेली नाहीं. २०२२ सालीं नदीकांठसुधार योजनेचा पाया घातला गेला, व बंडगार्डन ते मुंढवा हा भाग आरंभींच हातीं घेण्यांत आला. नदी स्वच्छ व्हावी, हें कोणास नको आहे? परंतु शेकाट्याचे लांब पाय उथळ पाण्यासाठीं घडलेले असतात. घाट कितीहि सुबक बांधला, तरी त्याच्या पायऱ्यांवर त्यास चारा मिळत नाहीं.

पूल व बंधारा यांस आपण वारसा म्हणतों, तें योग्यच आहे. त्यांच्या पायथ्याच्या चिखलाची नोंदहि त्याच वहींत व्हावी, एवढेंच आमचें मागणें.