अंबर : अत्तर, खमीरा आणि कायदा

अंबर हा शब्द आपल्या घरांत नवा नाही. मोहम्मद अली रोडच्या अत्तरवाल्यांकडे शमामा अंबर मिळतं, कपाटात खमीरा गावजबान अंबरीची डबी असते. ही चीज मुळात स्पर्म व्हेल या देवमाशाची. तो माकूळ खातो; माकुळाची चोच पचत नाही आणि आतड्यात मेणासारखा गोळा तयार होतो. वर्तमानपत्रं ‘व्हेलची उलटी’ छापतात, ते चूकच. ताजा गोळा काळा आणि दुर्गंधी. वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात, उन्हात राहिला की करडा, सुगंधी होतो. अत्तराचा वास टिकवतो, म्हणून ही किंमत.

सहीह बुखारीत अंबरवर जकातीच्या संदर्भात चर्चा आहे. हजरत इब्न अब्बास (रजि.) यांच्या मते ते जमिनीत पुरलेलं धन नव्हे, समुद्राने बाहेर फेकलेली वस्तू. म्हणजे हा व्यापार तेव्हाही ओळखीचा होता.

आज भारतात मात्र वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली अंबर बाळगणं, विकणं गुन्हा आहे. शिक्षा 3 ते 7 वर्षं. ‘करोडोंचा माल आहे, फक्त गिऱ्हाईक आण’ असं सांगून पोरांना कमिशनचं आमिष दाखवतात, आणि पकडला जातो तो पिशवी धरणारा. किनाऱ्यावर असा गोळा सापडलाच तर घरी आणू नका, वनविभागाला कळवा.

अत्तराची काळजी नको. 1950 च्या दशकापासून क्लेरी सेज या झाडाच्या अर्कातून अंब्रॉक्सन बनतं. बहुतेक ‘अंबर’ सुगंधांत आज तेच किंवा तसलंच काही असतं.