सफदरजंगचा पारा आणि बारमाही टायर

दिल्लीचं तापमान म्हणून बातम्यांत येणारा आकडा बहुधा सफदरजंग वेधशाळेचा असतो, आणि ती वेधशाळा सरोजिनी नगरच्या शेजारीच आहे. तिथे १६ जानेवारी १९३५ला पारा उणे ०.६ अंशांवर उतरला होता, तर २९ मे १९४४ला ४७.२वर चढला होता. अशा हवेत राहूनही हिवाळ्यासाठी वेगळे टायर घेण्याची रीत या वसाहतीत कधी पडली नाही. सरकारी नोकरांची वस्ती, मोजका पगार, ऐपत कुठून असणार, हे उत्तर चटकन सुचतं. पण ते अर्धवट आहे. थंडीवर या घरांनी खर्च केलाच, फक्त तो चाकावर न करता चालवणाऱ्यावर केला.

पूर्वी विनय नगर म्हणून ओळखली जाणारी ही वसाहत स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी उभी राहिली. १९८३मध्ये मारुती ८०० आली, तरी पुढे बरीच वर्षं अशा घरांचं वाहन म्हणजे स्कूटरच. १९७२मध्ये बाजारात आलेली बजाज चेतक आपल्या आकुर्डीची. नाव मात्र राणा प्रतापांच्या घोड्याचं. तिची पुढची, मागची आणि स्टेपनी अशी तिन्ही चाकं दहा इंची, एकाच मापाची. मागचा टायर लवकर झिजतो, म्हणून चाकं आलटून पालटून लावायची आणि तीन टायरांत जमेल तितकी वर्षं काढायची. या हिशेबात टायर बारमाहीच हवा. पहाटेचा वारा झोंबतो तो छातीला आणि कानांना, आणि त्याची सोय घराजवळच्या बाजारात होती. निर्यातीतून उरलेली, परदेशातल्या थंडीसाठी शिवलेली जाकिटं सरोजिनीच्या फुटपाथवर ढिगाने मिळतात. युरोपचा हिवाळा इथवर आला तो असा, अंगावरून.

सात अंशांखाली साध्या टायरचं रबर कडक होतं आणि पकड सुटते, मग दिल्लीच्या जानेवारीचं काय, अशी शंका रास्त आहे. पण सात अंश ही तिथली पहाट झाली. दुपारी पारा विसाच्या आसपास असतो. हिवाळी टायरचं मऊ रबर अशा कोरड्या, उबदार रस्त्यावर लवकर झिजतं, मे महिन्यात तर विचारूच नका. फिनलंडमध्ये नोकियाच्या कारखान्याने १९३४मध्ये असा टायर काढला, तो तिथल्या बर्फाने भरलेल्या रस्त्यांसाठी. जर्मनीने २०१०मध्ये नियम कडक केला, तोही तारखेला नव्हे, तर बर्फ, चिखल, निसरडं यांना बांधला. दिल्लीच्या हिवाळ्यात बर्फ नसतोच. तिथला खरा धोका धुक्याचा, आणि समोरचा ट्रक दिसत नसेल तर रबर काय करणार? मनाली-शिमल्याला जाणाऱ्यांचा मुद्दा उरतो. त्या चार दिवसांसाठी साखळी किंवा तिथलीच टॅक्सी पुरते.

ऐपतीचं कारण खरं आहे का, ते आता तपासता येतं. २०१६मध्ये केंद्राने सरोजिनी नगरसह सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासाला मंजुरी दिली. जुनी बैठी क्वार्टर्स जाऊन टोलेजंग इमारती येऊ लागल्या. दिल्लीच्या रस्त्यांवर महागड्या एसयूव्हीही भरपूर झाल्या. तरी नोव्हेंबरात टायरवाल्याकडे हिवाळी जोड मागायला कुणी जात नाही.